सोमवार ते शनिवार प्रभूला पहिलं स्थान कसं द्यायचं

ऑफिसात सत्यनारायणाची पूजा आहे आणि वर्गणीची वही तुमच्या टेबलावर आली आहे. व्यापाऱ्याने द्राक्षांची तोडणी नेमकी रविवारी सकाळी ठरवली आहे. पगार झाला आहे, आणि त्याच पैशांतून आईची औषधं, मुलीच्या क्लासची फी आणि मंडळीचं (आपल्या चर्चचं) दान निघायचं आहे. मिरज-सांगलीकडच्या ख्रिस्ती माणसाचा विश्वास कसाला लागतो तो अशा ठिकाणी. छळ सोसण्याचे प्रसंग आपल्यापैकी फार थोड्यांवर येतात. वहीवर सही करायची की नाही, हा प्रसंग मात्र दर वर्षी येतो.

आधी देवाचं राज्य आणि त्याचं नीतिमत्त्व मिळवायला झटा, असं प्रभूने सांगितलं (मत्तय ६:३३). हे वचन आपल्याला पाठ आहे. ते बाजारात, वॉर्डात, शेतात आणि स्वयंपाकघरात कसं पाळायचं, ह्यासाठी थोडी पद्धत लागते. आमच्या मंडळीतल्या अभ्यासगटात आम्ही वापरतो ती पद्धत इथे सविस्तर देतो आहे. मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही. इथले निष्कर्ष एका साध्या सभासदाचे आहेत, ते वचनाशी ताडून घ्या.

सगळ्यांत आधी एक प्रश्न ठरवून घ्या

कुठलाही निर्णय घेताना स्वतःला विचारा: मी देवाला पहिलं स्थान देतो आहे, पण त्याची किंमत कोण मोजतो आहे?

दाविदाला अरवनाच्या खळ्यात वेदी बांधायची होती, तेव्हा अरवना सगळं फुकट द्यायला तयार होता. दाविदाने ते घेतलं नाही. ज्याला मला काही मोल पडलं नाही असं होमार्पण मी परमेश्वराला करणार नाही, असं तो म्हणाला (२ शमुवेल २४:२४). ह्याची दुसरी बाजू प्रभूने दाखवली. आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणून देवाला वाहिलं, असं सांगून हात झटकणाऱ्यांना त्याने कडक शब्दांत फटकारलं (मार्क ७:९-१३). दान खरंच देवाला गेलं असेल, पण त्याचा भार म्हाताऱ्या आईवर पडला, आणि प्रभूला ते मान्य नव्हतं.

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातही हे दिसतं. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्याची आधी कल्पना नव्हती. त्यानंतरची काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर, माणसांच्या बोलण्यात आणि दुःखात राहिल्या. पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विश्वासाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. शेवटच्या काळात साताऱ्यात राहून, मिशनची नोकरी सोडून त्यांनी ख्रिस्ताच्या अनुयायांचा 'देवाचा दरबार' उभा केला, तो त्याग खराच होता. पण त्यांच्या प्रत्येक त्यागात लक्ष्मीबाईंचा वाटा किती होता, हे विसरून त्यांचं उदाहरण देऊ नये. आपल्या घरात तर मुळीच नाही.

कधीकधी घरच्यांनाही झळ बसते, ते टाळता येत नाही. तेव्हा त्यांना आधी सांगा, त्यांचं ऐका आणि जड टोक आपल्या खांद्यावर घ्या.

एक आठवडा फक्त लिहा

शंभर पानी वही घ्या. रोज रात्री, दिवसभरात कुठे वेळ दिला, कुठे पैसा गेला, कुठे शब्द दिला आणि कुठे हजेरी लावली, ते चार-पाच ओळींत लिहा. 'तासगावच्या पाहुण्यांना खोटं सांगितलं की गावाला गेलो होतो.' 'पाळकांनी बोलावलं, नाही म्हणालो.' 'मजुराला म्हटलं, पैसे परवा देतो.' ह्या आठवड्यात काही सुधारायला जाऊ नका. सुधारायला लागलात की चांगलंच लिहिलं जातं आणि खरं चित्र झाकतं.

आठवडा संपला की प्रत्येक नोंदीपुढे खूण करा. पहिली खूण शास्त्रात स्पष्ट असलेल्या गोष्टींची: लबाडी, अडवलेली मजुरी, आईवडिलांची हेळसांड, मनात धरलेलं वैर, लग्नाबाहेरचा संबंध. ह्यांबाबत 'प्रभू, तुझी इच्छा काय' अशी प्रार्थना करायची गरज नाही, इच्छा सांगितलेली आहे. प्रार्थना धैर्यासाठी करायची. दुसरी खूण विवेकाच्या प्रश्नांची, ज्यांत प्रामाणिक विश्वासणारे वेगवेगळे वागतात. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय ह्यांच्यासाठीच आहे. तिसरी खूण निव्वळ सवयीची किंवा आवडीची. गीताला तबला असावा की नसावा, चर्चला साडीच हवी की ड्रेस चालेल, हे सगळं तिसऱ्यात.

मंडळीतली बरीच भांडणं तिसऱ्या खुणेच्या गोष्टी पहिल्या खुणेत ढकलल्यामुळे होतात. आणि मजुरी उशिरा देण्यासारखी पहिल्या खुणेची गोष्ट 'ज्याचा त्याचा विवेक' म्हणून सोडली जाते, ते त्याहून वाईट.

सकाळ

प्रभू पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला गेला (मार्क १:३५). आपल्याकडे पहाटे नळाला पाणी येतं, डबे करायचे असतात, मुलांना उठवायचं असतं. म्हणून वेळ ठरवण्याआधी घरातलं काम वाटून घ्या. नवरा पलंगावर बसून स्तोत्रं वाचतो आणि बायको एकटी पाणी भरते, पोळ्या लाटते, अशा घरात त्या वाचनाची किंमत कोण मोजतं हे उघड आहे. एक दिवस त्याने पाणी भरावं आणि तिने बसावं, दुसऱ्या दिवशी उलट.

फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा आणि पवित्र शास्त्र छापील घ्या. फोनवर वचन उघडलं की त्यावर संदेश येतात आणि मन तिकडे जातं. एक स्तोत्र आणि शुभवर्तमानाचा अर्धा अध्याय पुरे. वाचून झालं की वहीत आज येणारा एकच निर्णय लिहा, सगळ्यांत अवघड वाटणारा, आणि त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा. 'आजचा दिवस आशीर्वादित कर' अशा मोघम प्रार्थनेपेक्षा 'अकरा वाजता साहेबांना खरं सांगायचं आहे, माझी जीभ सांभाळ' ही प्रार्थना दिवसभर सोबत राहते.

नाइट ड्यूटी करून आलेल्या नर्सची सकाळ झोपण्यापूर्वी असते. एका खोलीच्या घरात राहणाऱ्याने चालत चालत प्रार्थना करावी. ह्यात कमीपणा नाही.

संध्याकाळची कौटुंबिक उपासना जेवणानंतर, टीव्ही लावण्याआधी. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ताणू नका. 'उपासना संगीत' ह्या गीतपुस्तकातलं गीत लहान मुलाला निवडू द्या. टिळकांची गीतं आपल्या ओवी-अभंगाच्या वळणाची असल्यामुळे पेटी नसली तरी घरात सहज म्हणता येतात. शास्त्रवाचन एकेकाने एकेक वचन असं करावं, आणि मोठ्यांनी उपदेश आवरावा. घरात जोडीदार विश्वासात नसेल तर त्याला बळेच बसवू नका, आणि त्याच्या कानावर पडावी म्हणून मोठ्याने प्रार्थनाही करू नका. पेत्राने अशा घरांतल्या स्त्रियांना सांगितलं ते वर्तणुकीबद्दल (१ पेत्र ३:१-२), आणि ते पुरुषांनाही लागू करायला हरकत नसावी.

रविवार शनिवारी सुरू होतो

रानात इस्राएलांना देवाकडून मान्ना हे अन्न मिळत होतं तेव्हा सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलं होतं (निर्गम १६:२२-२३). म्हणजे विसाव्याची तयारी आदल्या दिवशी. दळण, इस्त्री, बाजार, मसाला वाटणं शनिवारी उरका. उपासनेला उशीर होतो तो बहुतेक वेळा ह्या कामांमुळे. आणि उपासनेनंतर मटणाचा बेत असेल, तर घरातली बाई उपदेशाच्या वेळी मनाने चुलीपाशी असते. पुरुषांनी रविवारचा स्वयंपाक आपल्याकडे घ्यावा, किंवा बेत साधा करावा.

मिरजेत १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी हॉस्पिटल सुरू केलं. तेव्हापासून आपल्या कितीतरी घरांतून नर्स, कंपाउंडर, तंत्रज्ञ, डॉक्टर झाले. त्यांना रविवारची ड्यूटी चुकत नाही, आणि चुकूही नये. शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेल्या बैलाला कोण बाहेर काढणार नाही, असं प्रभूनेच विचारलं (लूक १४:५). पेशंटची सेवा हे दयेचं काम आहे. तरी महिनोन्महिने उपासना न घडणं बरं नाही. ह्यावर उपाय असा: ड्यूटीचा तक्ता लागण्याआधी सिस्टर इन्चार्जना भेटा आणि स्वतःहून सांगा, 'लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ, गौरी-गणपती, ईद, ह्या दिवशी मला लावा. मला उत्तम शुक्रवार, ईस्टर आणि महिन्यातले दोन रविवार सकाळचे मोकळे मिळाले तर बरं.' ह्यात किंमत तुम्ही मोजता आणि सहकारी मैत्रिणीला सणाला घरी जाता येतं. नुसतं 'माझ्या धर्माप्रमाणे मला रविवार हवा' म्हणून अडून बसलात, तर तुमचा रविवार दुसरी कोणीतरी भरते.

द्राक्षबागाईतदारांचं काम अवघड आहे. माल तयार, आभाळ भरून आलेलं, आणि गाडी रविवारी येणार. पावसाची खरी भीती असेल तर तोडा, तो विहिरीतला बैल आहे. व्यापाऱ्याच्या सोयीसाठी असेल तर हंगामाच्या सुरुवातीला, सौदा ठरतानाच सांगा की रविवारी दुपारपर्यंत बागेत काम होणार नाही. ऐनवेळी सांगितलं की मजुरांचा दिवस बुडतो. आणि विसाव्याची आज्ञा दास-दासींसकट आहे (निर्गम २०:१०). स्वतः चर्चमध्ये बसून मजुरांकडून काम करून घेणं म्हणजे आज्ञा अर्धीच पाळणं.

मुलांच्या परीक्षा रविवारी येतात, स्पर्धा परीक्षा तर बहुतेक रविवारीच. वर्षातून एखाद्या परीक्षेला मुलाला प्रार्थना करून पाठवा. दर रविवारी सकाळी सराव परीक्षा घेणारा क्लास ही वेगळी गोष्ट. फी भरण्याआधी शनिवारची बॅच आहे का विचारा. फी भरल्यावर हा प्रश्न निघाला तर हरल्यातच जमा.

पैशाचा क्रम

पैसे हातात आले की आधी वेगळं काढायचं ते दुसऱ्याचं. मजुरी, दुकानाची उधारी, घरभाडं. ते पैसे आपले नाहीतच, ते फक्त आपल्या हातून जायचे आहेत. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ राहू देऊ नको (लेवीय १९:१३). सूर्य मावळण्यापूर्वी दे, कारण त्याचं मन त्याकडे लागलेलं असतं (अनुवाद २४:१५). अडवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, असं याकोबाने लिहिलं (याकोब ५:४). आपल्याकडे आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पगार करायची रीत आहे. ती पाळा, आणि बाजार उठायच्या आत द्या. संध्याकाळी सातला पैसे मिळाले तर बाईने उरलीसुरली भाजी घ्यायची का? घरकामाला येणाऱ्या मावशींच्या आजारपणाचे पैसे कापत असाल, तर ते आजपासून थांबवा.

त्यानंतर दान. मलाखीने सांगितलेला दशांश ही चांगली सुरुवात आहे, आणि पौलाने मनापासून, आनंदाने द्यायला सांगितलं आहे (२ करिंथ ९:७). घरखर्च भागवून उरलं तर देऊ म्हटलं की काही उरत नाही. म्हणून पगाराच्या दिवशीच पाकीट वेगळं करा. शेतकऱ्याने काय करावं, हा प्रश्न अभ्यासगटात नेहमी निघतो. उसाचं बिल हप्त्याने येतं, द्राक्षाचे पैसे व्यापारी कधी देईल ह्याची खात्री नसते. माझं मत असं की खत, औषध, मजुरी, पाणीपट्टी हा पिकाचा खर्च आधी वजा करावा आणि घरखर्चाच्या आधी दान काढावं, जेव्हा जितके पैसे येतील तेव्हा तितक्यातून. पण सावकाराच्या कर्जात बुडालेल्या माणसाला दशांशावरून कोणी लाज आणू नये, आणि कोणीही कर्ज काढून दान देऊ नये. ते दान सावकाराच्या पैशाचं होतं, आणि फेड बायकोच्या गळ्यातल्या सोन्यातून होते.

भिशी बचतीची असेल तर उत्तम. बोलीच्या भिशीत मात्र ज्याला सगळ्यांत जास्त नड आहे तो सगळ्यांत कमी पैशांवर उचल घेतो, आणि बाकीचे ती सूट वाटून घेतात. गरिबाला उसने दिलं तर त्याच्याकडून व्याज घेऊ नको, असं वचन आहे (निर्गम २२:२५). मी तरी अशा भिशीपासून दूर राहायला सांगतो.

लग्नाचा खर्च हॉल बघायच्या आधी ठरवा. आकडा कागदावर लिहा, दोन्ही घरांनी सह्या करा. हॉल पाहिला, बँडवाला भेटला, मग आकडा ठरत नाही, वाढत जातो. हुंडा मानपान म्हणून, 'मुलीला हौसेने' म्हणून, गाडी म्हणून मागितला तरी तो हुंडाच. ती पहिल्या खुणेची गोष्ट आहे.

कृष्णेकाठी राहणाऱ्यांनी आणखी एक डबा ठेवावा, पुराचा. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, ते आपण पाहिलं आहे. पाणी आल्यावर मदत गोळा करायला वेळ जातो. दर महिन्याला थोडे टाकत राहिलात, तर पहिल्या रात्री शेजाऱ्याला चादर आणि जेवण देता येतं. आणि मदतीला कसलीही अट नको. सभेला या, प्रार्थनेला बसा, असं मदतीच्या वेळी बोलूच नये. भुकेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि नाही म्हणता येत नाही तिथे घेतलेला होकार प्रभूला नको असतो.

पूजा, प्रसाद, वर्गणी

सगळ्यांत जास्त प्रश्न इथे येतात, म्हणून इथे वेळ घेऊ.

करिंथ शहरात हाच प्रश्न होता आणि पौलाने त्याचे तुकडे करून उत्तर दिलं. बाजारात विकतात ते चौकशी न करता खा. कोणी घरी जेवायला बोलावलं तर पुढे वाढलेलं खा. 'हे मूर्तीला दाखवलेलं आहे' असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर त्या सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका (१ करिंथ १०:२५-२९). आणि प्रभूच्या मेजाचे भागीदार दुसऱ्या मेजाचे भागीदार होऊ शकत नाहीत (१०:२१). तुम्हीही तुकडे करा. हजर राहणं, हात जोडणं, प्रसाद खाणं, पैसे देणं, काम करणं ह्या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. एकीला हो म्हटलं म्हणजे पाचांना हो झालं असं नाही, आणि एकीला नाही म्हटलं म्हणून माणसाला नाही म्हणायचं नसतं.

हजर राहायला माझी हरकत नाही. सहकाऱ्याच्या नव्या घराची वास्तुशांत, शेजाऱ्यांचा सत्यनारायण, मुलाची मुंज, जा. उशिरा नाही, वेळेवर जा. पूजेत बसायचं नाही, आरतीचं ताट हातात घ्यायचं नाही, पण पाहुण्यांना पाणी द्या, खुर्च्या लावा, जेवणावळीत वाढायला उभे राहा. अरामी सेनापती नामान कोडातून बरा होऊन परत निघाला तेव्हा त्याने अलीशाला विचारलं, माझा राजा रिम्मोनाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन जाईल तेव्हा मी काय करू? संदेष्ट्याने त्याला शांतीने जा म्हटलं (२ राजे ५:१८-१९). अडचणीत सापडलेल्या विश्वासणाऱ्याशी बोलताना हे आठवत जावं.

प्रसादाबद्दल आपल्यात दोन्ही मतं आहेत. मी घेत नाही. जो घेतो त्याला मी दोष देत नाही. न घेणाऱ्याने तो कसा टाळायचा हे मात्र शिकून घ्यावं. हातात घेऊन नंतर कोपऱ्यात टाकणं सर्वांत वाईट, त्यात लबाडीही आहे आणि अपमानही. 'आमच्यात चालत नाही' असं तुटक बोलू नका. असं म्हणा, 'काकू, प्रसाद मी घेत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण तुमच्या हातचा चहा घेतल्याशिवाय जाणार नाही.' माझ्या पाहण्यात अशा बोलण्याने कोणी काकू रागावल्या नाहीत.

वर्गणी आली की माणसाला घाम फुटतो. मंडळाची मुलं गल्लीतलीच असतात, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला तीच धावतात. त्यांना सांगा, 'पूजेसाठी मी देत नाही, पण तुमच्या रक्तदान शिबिराच्या नाश्त्याचा किंवा वह्यावाटपाचा खर्च माझ्याकडे द्या.' आणि तो खर्च नेहमीच्या वर्गणीपेक्षा जास्त असू द्या. कमी दिलात तर धर्माचं नाव सांगून पैसे वाचवले असं वाटेल, आणि वाटलं तर त्यांची चूक नाही.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. मालक ख्रिस्ती असेल तर त्याने स्वतः पूजा करू नये, पण कामगारांनी आपल्या हत्यारांना फूल वाहिलं तर अडवू नये, असं मला वाटतं. त्या दिवशी सुट्टी, पेढे आणि जमलं तर बक्षिसी द्यावी. उलट तुम्ही कामगार असाल आणि यंत्राला हार घालायचं काम तुमच्याकडे येत असेल, तर आदल्या आठवड्यात शेठजींना एकांतात भेटा. दानिएलाने तेच केलं. राजाचं अन्न खायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, तरी तो सगळ्यांसमोर ताट सारून उठला नाही. अधिकाऱ्याला विनंती केली, मग कारभाऱ्याला दहा दिवस पारख करून बघायला सांगितलं (दानिएल १:८-१४). 'शेठ, ह्या वेळी हार दुसऱ्या कोणाकडून घालून घ्या. यंत्र धुऊनपुसून, तेलपाणी करून चकचकीत करायचं काम माझं.' इतकं पुरतं. कधी पुरणारही नाही. एखादा साहेब मनात धरेल, बढती लांबेल. ते होऊ शकतं हे धरूनच बोला, आणि त्याची तक्रार गावभर करत फिरू नका.

हळदीकुंकवाचं आमंत्रण बायकांना येतं. जायचं की नाही, कुंकू लावून घ्यायचं की नाही, हे त्या बाईने ठरवावं. तिच्या नवऱ्याने किंवा महिला मंडळाने नव्हे. आपल्याच काही घरांत कुंकू लावतात, काहींत नाही. जायचं असेल तर यजमानीण बाईंना आधी फोन करून आपली रीत सांगून ठेवावी, म्हणजे दारात कोणाला अवघडायला होत नाही.

आणि आपल्या नाताळात त्यांना बोलवा. सांगली-मिरजेत शेजारी जैन, लिंगायत असतात. त्यांच्यासाठी करंज्या, शेव, चकलीचा फराळ वेगळ्या कढईत करा, केक बिनअंड्याचा करा आणि तसं सांगून द्या. फराळाच्या ताटात धर्मप्रचाराची पत्रिका सरकवू नका. कोणी विचारलं तर सांगायला तयार असा, सौम्यतेने आणि आदराने (१ पेत्र ३:१५).

शब्द आणि भांडण

बेदाण्याचा भाव आज तोंडी ठरला आणि उद्याच्या सौद्यात दर चढला, तर काय करायचं? आपलं नुकसान होत असलं तरी शपथ न बदलणारा परमेश्वराच्या मंडपात राहतो, असं पंधरावं स्तोत्र सांगतं. दिलेल्या भावाने माल द्या. हळदीची प्रत, मापातलं वजन, मेडिकल बिल, आजारपणाची रजा, ह्यांना हीच कसोटी.

भांडणाबद्दल प्रभूने दिलेला क्रम फार थेट आहे. वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी समेट कर (मत्तय ५:२३-२४). चूक कोणाची, हे इथे विचारलेलंच नाही. प्रभूभोजनाच्या आदल्या शनिवारी वही काढा, एक नाव लिहा आणि त्याच्या घरी एकटे जा. बांधावरून भावाशी वाद असेल तर कोर्टाची तारीख चालू द्या, पण त्याच्या मुलीच्या लग्नात उभे राहा. मंडळीच्या निवडणुकीतून अबोला धरलेली माणसं एकाच बाकावर बसून एकच गीत गातात, ह्याचं मला मनापासून दुःख आहे.

मोठा निर्णय आला तर

आखाती देशात नर्सची नोकरी मिळते आहे, पुण्याला बदली आहे, स्थळ आलं आहे. अशा वेळी 'मनाला शांती वाटली' एवढ्यावर ठरवू नका. पगाराचा आकडा मोठा असला की शांती लवकर वाटते. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो (लूक १४:२८). तुम्हीही बसा. वहीच्या एका पानावर, ह्यात शास्त्रात स्पष्ट असं काय आहे ते लिहा. दुसऱ्यावर, हा निर्णय घेतला तर आईला दवाखान्यात कोण नेईल, मुलं कोणाकडे राहतील, नवी मंडळी कुठे मिळेल, हे नावानिशी लिहा. मग तीन माणसांना दाखवा: एक वयस्कर विश्वासणारा, एक त्या कामातला माहीतगार, आणि एक जो तुम्हाला नाही म्हणायला कचरत नाही. एजंट आजच सही मागत असेल तर तेवढ्याने सावध व्हा. लग्नाच्या बाबतीत 'केवळ प्रभूमध्ये', म्हणजे विश्वासातल्याच जोडीदाराशी, हे पौलाचं म्हणणं (१ करिंथ ७:३९) आधी पाहा, शिक्षण आणि पगार नंतर.

रविवारी संध्याकाळी वही उघडा

रोज रात्री पाच मिनिटं पुरतात. सकाळी लिहिलेला एक निर्णय पाळला का, कुठे घसरलो, कोणाची माफी मागायची आहे. माफी उद्या सकाळी, फोनवर नाही, भेटून. घसरल्याचं देवाला सांगून झोपा. त्याची दया रोज सकाळी नवी होते (विलापगीत ३:२२-२३), उद्याचं पान कोरं आहे.

रविवारी संध्याकाळी मात्र वही घेऊन घरातल्या माणसापाशी बसा. बायको, नवरा, आई, मोठा मुलगा, जे कोणी तुमच्या निर्णयांत राहतं त्याला विचारा, 'ह्या आठवड्यात मी देवासाठी म्हणून जे केलं, त्याचं ओझं तुझ्यावर कुठे पडलं?' ते सांगतील तेव्हा मधे बोलायचं नाही, समजावायचं नाही, वचन तर काढायचंच नाही. लिहून घ्यायचं. पुढच्या आठवड्यातला पहिला बदल त्या पानावरून निवडा, आणि तो सोमवारीच करा.